लहानपणी कॅन्सर होऊन गेला असेल, तर झोपेच्या तपासणीआधी हे वाचा

आमच्या फॉर्मवर 'पूर्वीचे मोठे आजार' असा एक रकाना आहे. परळ-दादर-लालबाग पट्ट्यात घरी येऊन झोपेची तपासणी करणारं आमचं चार माणसांचं छोटं युनिट. आमचा अनुभव असा की, या एका रकान्यात जितकं लपवलं जातं, तितकं लोक वजनाच्या रकान्यातही लपवत नाहीत.

तिशीतल्या एका ग्राहकाने तिथे 'काही नाही' असं लिहिलं होतं. आमचा माणूस त्यांच्या छातीला पट्टा बांधून हात धुवायला आत गेला, तेव्हा त्या ग्राहकाच्या आईने ओट्यापाशी त्याला हळूच सांगितलं, "याला सातव्या वर्षी ब्लड कॅन्सर झालेला. डोक्याला लाईट दिली होती. सुनेला माहीत नाही, तेव्हा कागदावर नको." त्या रात्रीची तपासणी आम्ही केली. पण हे आधी कळलं असतं, तर वेगळी तपासणी सुचवली असती. हे पत्रक लिहायला बसलो ते त्यामुळे.

आजार बरा होऊन वीस-पंचवीस वर्षं झाली, आता त्याचं काय, असं वाटणं साहजिक आहे. पण प्रश्न आजाराचा नाही, त्यावर झालेल्या उपचारांचा आहे. अमेरिका आणि कॅनडात लहानपणी कॅन्सरमधून बऱ्या झालेल्या हजारो माणसांचा कित्येक वर्षं पाठपुरावा झाला. 2008 साली त्यातून झोपेबद्दलची माहिती प्रसिद्ध झाली. सुमारे 19 टक्के लोकांना सतत थकवा होता, जवळपास 17 टक्क्यांची झोप नीट होत नव्हती आणि 14 टक्क्यांना दिवसा पेंग येत होती. त्यांच्या सख्ख्या भावंडांशी तुलना केली, तर सरासरीतला फरक फार मोठा नव्हता, हेही सांगायला हवं. म्हणजे प्रत्येकाला त्रास होतोच असं नाही. ज्यांना होतो, त्यांच्यात मात्र कारणं वेगळी निघू शकतात.

डोक्याला लाईट दिली होती का?

कुणी याला लाईट म्हणतं, कुणी शेक. फाईलमध्ये रेडिओथेरपी लिहिलेलं असतं. ब्लड कॅन्सरच्या मुलांना आजार मेंदूत जाऊ नये म्हणून पूर्वी डोक्याला सर्रास रेडिएशन देत, आधी 24 ग्रे आणि पुढे 18 ग्रे (ग्रे हे रेडिएशनच्या मात्रेचं माप). मेंदूच्या गाठींना त्याहून बरंच जास्त. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस आणि त्याला लटकलेली पिट्युटरी ग्रंथी असते. झोप-जाग, भूक, वाढ, थायरॉईड, सगळ्यांची सूत्रं तिथे. रेडिएशनचा परिणाम तिथे झाला, तर तो लगेच दिसेलच असं नाही, कधी कधी दिसायला वर्षं जातात. ग्रोथ हॉर्मोन कमी पडतं, वजन वाढत राहतं, मानेभोवती चरबी साचते आणि मग घोरणं, झोपेत श्वास अडकणं सुरू होतं. घरचे म्हणतात, खातो फार. खाणं हे कारण असेलही, पण एकदा हॉर्मोन तपासल्याशिवाय ते ठरवू नये.

काहींची रात्रीची झोप 8 तास होते, श्वासही अडकत नाही, तरी दुपारी डोळे उघडे राहत नाहीत. पिट्युटरीजवळ क्रॅनिओफॅरिंजिओमा नावाची गाठ होऊन गेलेल्यांमध्ये हे विशेष दिसतं. आमचं यंत्र इथे निरुपयोगी आहे. अशांनी हॉस्पिटलच्या स्लीप लॅबमध्ये रात्रभराची पूर्ण तपासणी आणि दुसऱ्या दिवशी दर 2 तासांनी डुलक्यांची चाचणी करून घ्यावी. आमच्याकडे येऊन 'रिपोर्ट नॉर्मल' असा कागद नेला, तर उलट नुकसान. घरचे तोच कागद दाखवून आळशी म्हणतात.

लाईट मानेला किंवा छातीला दिली असेल, तर थायरॉईड मंदावलेलं असू शकतं. साधी रक्ताची तपासणी आहे, ती आधी करा.

लाल इंजेक्शन

डॉक्सोरुबिसिन हे नाव कुणाच्या लक्षात राहत नाही, पण 'लाल औषध' म्हटलं की आयांना आठवतं. ते जास्त प्रमाणात गेलं असेल, तर पुढे हृदय कमजोर पडू शकतं. आडवं झाल्यावर दम लागतो, दोन-तीन उशा लागतात किंवा मध्यरात्री घुसमटून उठून बसावं लागतं? मग आमच्याकडे नोंदणी करू नका, याच आठवड्यात हृदयरोगतज्ज्ञांकडे जा. हृदयाचा त्रास असलेल्यांची झोपेची तपासणीही लॅबमध्येच व्हावी.

ज्यांना उजेड दिसत नाही

डोळ्यातल्या कॅन्सरमुळे, म्हणजे रेटिनोब्लास्टोमामुळे, ज्यांचे दोन्ही डोळे बाळपणीच काढावे लागले, त्यांच्यातल्या काहींची तक्रार अशी असते : काही दिवस झोप छान, मग रोज थोडी थोडी उशिरा, मग रात्रभर टक्क जाग, आणि काही आठवड्यांनी पुन्हा छान. शरीराचं घड्याळ 24 तासांहून किंचित मोठं असतं. रोज सकाळचा उजेड डोळ्यांवाटे ते जागेवर आणतो. उजेडच पोचत नसेल, तर ते रोज थोडं मागे सरकत जातं. यावर ठरावीक वेळी मेलाटोनिन, म्हणजे शरीराला रात्र झाल्याचं सांगणारं हॉर्मोन, देऊन उपचार होऊ शकतो, पण वेळ आणि मात्रा डॉक्टरांनी ठरवायची.

आणि मनातली कारणं

मध्यरात्री नर्स येऊन सलाईन बदलणार, पंप वाजणार, सकाळी सुई टोचणार. ज्या मुलाने महिनोन्‌महिने अशा रात्री काढल्या, त्याला मोठेपणी गाढ झोपायची धास्ती वाटली तर नवल नाही. वार्षिक तपासणीची तारीख जवळ आली की झोप उडते, हेही अनेक जण सांगतात. निद्रानाशावर जगभरात आधी सुचवला जातो तो उपाय गोळ्यांचा नाही, सवयी आणि विचार बदलण्याचा आहे. त्याला सीबीटी म्हणतात, तो प्रशिक्षित मानसोपचारतज्ज्ञ 6 ते 8 बैठकांत शिकवतात. त्यात एक नियम असतो : वीसेक मिनिटांत झोप लागली नाही, तर अंथरूण सोडा. वन रूम किचनमध्ये पाच माणसं असताना सोडून जायचं कुठे, हा प्रश्न आम्हालाही पडला होता. एका ग्राहकाने चाळीच्या गॅलरीत स्टूल टाकलं, त्यांचं भागलं.

शेजारच्यांच्या पाकिटातली झोपेची गोळी मात्र घेऊ नका. श्वास अडकण्याचा त्रास असेल, तर अशा काही गोळ्यांनी तो वाढतो. संध्याकाळच्या 5 च्या चहातलं निम्मं कॅफिन रात्री 10 लाही अंगात असू शकतं, तेवढं लक्षात ठेवा.

आम्ही काय मोजतो

नाकाशी नळी, छातीला पट्टा, बोटाला ऑक्सिजनचा चिमटा. तासाला किती वेळा श्वास 10 सेकंद किंवा जास्त थांबला वा मंदावला, ते यंत्र मोजतं. 5 च्या आत ठीक, 15 पर्यंत सौम्य, 30 पर्यंत मध्यम, त्यापुढे तीव्र. आधी आम्ही 8 प्रश्नांची एक यादी भरून घेतो, 24 पैकी 10 च्या वर गुण आले की दिवसाची पेंग जास्त समजतात. मुंबईकरांनी ती जरा प्रामाणिकपणे भरावी. विरार लोकलमध्ये खिडकी मिळाल्यावर डोळा लागणं हा आजार नाही. समोरचा बोलत असताना किंवा जेवताना डुलकी लागणं, हा असू शकतो.

फाईल

डिस्चार्ज कार्ड, किमोच्या नोंदी, रेडिएशनचा कागद, जे असेल ते काढून ठेवा. 26 जुलैच्या पुरात गेलं असेल, तर उपचार झाले त्या हॉस्पिटलच्या रेकॉर्ड विभागात जुन्या केस नंबरवरून विचारा. टाटा मेमोरियलमध्ये उपचार संपलेल्या मुलांसाठी 'ॲक्ट' क्लिनिक 1991 पासून चालू आहे. तिथले जुने पेशंट असाल आणि मोठे झाल्यावर जाणं सुटलं असेल, तर आमच्याआधी तिथे एक चक्कर मारा.

फाईल बघायचे आम्ही पैसे घेत नाही. घरात बोलता येत नसेल, तर रकाना कोरा सोडा आणि त्यात एक टिंब काढा. आमचा माणूस खाली उतरून फोन करेल, घरातल्या कुणासमोर विचारणार नाही. तपासणीच्या रात्री बोटांना नेलपॉलिश नको, चिमट्याचं माप चुकतं. यंत्र न्यायला आम्ही सकाळी 9 ला येतो.