रंग फवारणारा ड्रोन बनवताय? आधी टाकी भरून वजन करा

भिंत रंगवणाऱ्या ड्रोनच्या नोंदणीचा अर्ज अडतो तो वजनाच्या रकान्यात. ड्रोन नियम, २०२१ नुसार वर्ग ठरतो उडतानाच्या एकूण वजनावर; बॅटरी, पंप, नळी, भरलेली टाकी सगळं त्यात आलं. पण लोक रिकामा सांगाडा काट्यावर ठेवतात, पावणेदोन किलो भरला की 'मायक्रो' (२५० ग्रॅमच्या वर, २ किलोपर्यंत) लिहून मोकळे. त्यात लिटरभर इमल्शन ओता, वजन सव्वा किलोने तरी वाढतं. झाला 'स्मॉल' (२ किलोच्या वरचा), आणि बिनव्यावसायिक मायक्रोला असलेली रिमोट पायलट प्रमाणपत्राची (ड्रोन चालवण्याच्या परवान्याची) सूट गेली.

दुसरी डोकेदुखी टाइप सर्टिफिकेट, म्हणजे ड्रोनचं मॉडेल मान्य असल्याचा दाखला. घरी जोडलेल्या ड्रोनला ते आणायचं कुठून, हे सरकारी पोर्टल सांगत नाही. ज्यांना ते लागत नाही त्यातले काही नियम ४२ मध्ये आहेत: सरकारी किंवा सरकारमान्य शिक्षणसंस्था, डीपीआयआयटी (केंद्राचा उद्योग विभाग) मान्यताप्राप्त स्टार्टअप, जीएसटी क्रमांक असलेले ड्रोन उत्पादक. संशोधन, चाचणीपुरती यांना यूआयएन (ड्रोनचा नोंदणी क्रमांक) आणि पायलट प्रमाणपत्राचीही माफी आहे. मात्र उड्डाण ग्रीन झोनमध्ये (नकाशावरच्या हिरव्या, वेगळी परवानगी न लागणाऱ्या भागात) आणि स्वतःच्या ताब्यातल्या जागेतच हवं. म्हणजे कॉलेजच्या वर्कशॉपमागची भिंत चालेल. समोरच्या सोसायटीची भिंत 'डेमो' म्हणूनही नाही, आणि पैसे घेतलेत तर विषयच संपला. पोरांनो, सूट संस्थेला आहे, तुम्हाला नाही. प्राचार्यांचं पत्र खिशात ठेवा.

बाकीचं सरळ आहे. यूआयएनसाठी फॉर्म डी-२ आणि १०० रुपये. पायलट प्रमाणपत्राला वय १८ ते ६५, दहावी पास आणि मान्य संस्थेत प्रशिक्षण. पासपोर्ट नाही म्हणून थांबू नका. २०२३ च्या दुरुस्तीनंतर मतदार ओळखपत्र, रेशनकार्ड किंवा ड्रायव्हिंग लायसन्स चालतं. नॅनो (२५० ग्रॅमपर्यंतचे) सोडून सगळ्यांना थर्ड पार्टी विमा लागतो.

रंगाबद्दल कोणी विचारत नाही, म्हणून सांगतो. थिनरवाला ऑइलपेंट ज्वलनशील, म्हणजे धोकादायक माल. तो ड्रोनवर चढवला की धोकादायक मालाचे वेगळे नियम लागू होतात. पाण्यातला इमल्शनच वापरा.

डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन पोर्टलवरचा झोनचा नकाशा उडवायच्या दिवशी पुन्हा बघा, झोन बदलतात. मुंबईत तर नकाशा हिरवा दिसला तरी पोलीस आयुक्तालयाचा ड्रोनबंदीचा आदेश लागू असू शकतो. आधी पोलीस ठाण्यात विचारा, मगच पंप जोडा.