तांगगुला स्थानक : मार्ग कसा ठरला

चीनच्या चिंगहाय-तिबेट रेल्वेमार्गावरचं, तिबेटमधलं तांगगुला स्थानक समुद्रसपाटीपासून 5,068 मीटरवर आहे. तीन कळसूबाई एकावर एक रचल्या तरी या फलाटाला टेकणार नाहीत. जवळच 5,072 मीटरवर या मार्गाचा माथा लागतो. 1 जुलै 2006 ला गोलमुड-ल्हासा गाड्या सुरू झाल्या आणि सर्वात उंच स्थानकाचा मान अँडीज पर्वतातून इकडे आला.

चिंगहाय प्रांतातल्या शिनिंग ते गोलमुड या शहरांमधला 814 किलोमीटरचा टप्पा 1984 मध्येच खुला झाला होता. गोलमुडच्या पुढचं काम मात्र विरळ हवा आणि बारमाही गोठलेली जमीन या दोन अडचणींपुढे 1970 च्या दशकाअखेरीस थांबवावं लागलं होतं.

2001 मध्ये काम पुन्हा सुरू झालं, त्याआधी ल्हासाला रेल्वे नेमकी कुठून न्यायची यावर बराच खल झाला. चिंगहाय, कान्सू, सिचुआन आणि युन्नान या चार चिनी प्रांतांतून जाणाऱ्या चार वाटा समोर होत्या. सिचुआन-युन्नानकडून जायचं तर खोल दऱ्या, बोगद्यांमागून बोगदे आणि अफाट खर्च. चिंगहायचं पठार त्यामानाने सपाट, शिवाय गोलमुडपर्यंत रूळ तयारच होते. कौल चिंगहायला मिळाला. पण या वाटेवर जवळपास 550 किलोमीटर जमीन गोठलेली आहे. उन्हाळ्यात तिचा वरचा थर वितळला की भराव खचतो, थंडीत पुन्हा फुगतो. म्हणून कुठे मोकळ्या दगडांचे भराव घातले, कुठे रूळ थेट पुलावर चढवले. चिंगशुईहचा पूल तर 11.7 किलोमीटरचा आहे. रुळांच्या कडेने जमिनीत लोखंडी नळ्या रोवल्या आहेत. हिवाळ्यात नळीच्या तळाचा अमोनिया जमिनीतली उष्णता घेऊन वाफ होतो, वर थंड हवेत निवतो आणि पुन्हा खाली ओघळतो. बाहेरची हवा तापली की हे चक्र आपोआप थांबतं. युक्ती देखणी आहे, यात शंका नाही. पण पठाराचं तापमान वाढत असताना ही जमीन गोठलेली ठेवण्याचं काम कधीच संपणार नाही. माझ्या मते त्या निवडीची खरी किंमत बांधकामाच्या आकड्यांत दिसत नाही.

खुद्द स्थानकाची गरज साधी होती. मार्ग एकेरी, त्यामुळे गाड्यांच्या क्रॉसिंगसाठी जास्तीचे रूळ हवेतच. आसपास वस्ती नाही, स्थानकावर कर्मचारी नाहीत. सव्वा किलोमीटर लांबीचा हा पसारा आहे, पण गाडी थांबली तरी प्रवाशांना उतरता येत नाही; फलाट खिडकीतूनच पाहायचा.

ल्हासाच्या पुढे रेल्वे 2014 मध्ये शिगात्सेला आणि 2021 मध्ये न्यिंगचीला पोहोचली. मार्ग निवडताना मागे पडलेल्या सिचुआनच्या वाटेवरही 2020 पासून या-आन ते न्यिंगची या सर्वात अवघड टप्प्याचं काम सुरू आहे.