स्प्रिंग नरम पडत नाही, बसते

स्पीडब्रेकरवर पुढून 'ठक्क' आवाज येतो, गाडी एका बाजूला कललेली दिसते आणि मेकॅनिक निकाल देतो: "स्प्रिंगा नरम पडल्या साहेब, नव्या टाका." जुनी प्रीमियर पद्मिनी सांभाळणाऱ्यांना हे पाठ असतं. हे निदान निम्मंच बरोबर आहे.

कुर्ल्यात 1964 पासून फियाट 1100 डिलाइट म्हणून बनू लागलेल्या आणि 1974 मध्ये पद्मिनी झालेल्या या गाडीला पुढे वेटोळ्याच्या स्प्रिंगा आहेत, मागे पाटे, म्हणजे एकावर एक रचलेल्या लांब पट्ट्या (पानं). दोन्ही पोलादी. पोलाद किती ताठ, हे लोखंडाच्या अणूंमधले बंध ठरवतात आणि ते बंध वयानं सैलावत नाहीत. तारेची जाडी, वेटोळ्याचा व्यास आणि वेढे तेच असतील, तर शंभर किलो वजनाखाली स्प्रिंग 1975 साली जितकी दबायची तितकीच आजही दबेल.

मग गाडी खाली का येते? वर्षानुवर्षं भार पेलताना पोलादाच्या स्फटिकांतले थर अगदी सूक्ष्म सरकतात आणि तिथेच राहतात. स्प्रिंगेची मोकळी, म्हणजे भार नसतानाची, लांबी घटते. ताठपणा तोच, पण गाडी खालून सुरुवात करते. मग खड्ड्यात चाक वर आलं की खालचा रबरी ठोकळा लगेच लागतो. गंमत म्हणजे बसलेल्या स्प्रिंगेवर गाडी मऊ नाही, उलट कडक वाटते. डिकीत कायम सीएनजीची टाकी वाहिलेल्या टॅक्सींचे मागचे पाटे असेच सपाट व्हायचे.

गंज मात्र खरा शत्रू. ताठपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो. समजा, 12 मिलिमीटरची तार सगळीकडून झिजून 11.4 झाली. जाडी फक्त पाच टक्के गेली, ताठपणा मात्र सुमारे 18 टक्के. शिवाय गंजाच्या प्रत्येक खळग्यातून तडा सुरू होऊ शकतो. खळगे किंवा तडा दिसला, की चर्चा संपली: जोडीनं बदला, एकटी नाही.

नुसती उंची कमी असेल तर आधी मोजा. सपाट जमीन, टायरांत ठरलेली हवा, डिकी रिकामी. गाडी थोडी मागेपुढे ढकला, मग चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंना घ्या. फरक असेल तर पुढच्या डाव्या-उजव्या स्प्रिंगा अदलाबदल करून पाहायच्या. (हे गॅरेजमध्येच. दाबलेली स्प्रिंग सुटली तर माणूस जायबंदी होतो.) कल बाजू बदलून गेला तर दोष स्प्रिंगेचा, जागेवरच राहिला तर बैठकी (स्प्रिंग जिथे टेकते ती जागा), बुश (सांध्यांतल्या रबरी नळ्या) किंवा मागचे पाटे तपासा.

पाट्यांचं एक वेगळंच असतं. पानांमध्ये गंज धरला की ती एकमेकांवर सरकत नाहीत. उंची ठीक, पण गाडी बैलगाडीसारखी आपटते. तिथे नव्या पाट्यांची गरज नसते, खोलून, घासून ग्रीस भरलं की काम होतं. ठोकून कमान चढवलेले पाटे मला फारसे पटत नाहीत. बरेचदा पुन्हा बसतात. आणि उंची कमी करायला स्प्रिंग गॅसच्या ज्योतीनं तापवणाऱ्यापासून गाडी दूर ठेवा, त्यानं पोलादाचं पाणीच उतरतं.

नव्या घातल्याच, तर रबरी बुशांचे बोल्ट गाडी जॅकवर लटकत असताना शेवटचे आवळू देऊ नका. चाकं जमिनीवर टेकल्यावर आवळा. नाहीतर रबर पिळलेलं राहतं, गाडी विनाकारण उंच दिसते आणि बुश लवकर फाटतात.