मराठी अंकीय पत्रकारिता

मराठी अंकीय पत्रकारिता : (आंतरजालीय पत्रकारिता, डिजिटल पत्रकारिता). संगणकाच्या वा मोबाइलच्या पडद्यासाठी मराठीत होणारे बातमीचे संकलन, संपादन व वितरण आणि त्यातून पालटलेला वाचक-संपादक संबंध. वृत्तपत्रांची संकेतस्थळे, ई-पेपर, केवळ जालावर निघणारी पोर्टले, यूट्यूब वाहिन्या आणि वॉट्सॲप गटांतून फिरणारी वार्तापत्रे असा तिचा पसारा आहे. ‘अंकीय’ ही संज्ञा परिभाषेपुरती उरली आहे. वृत्तपत्र-कचेरीत आज सगळे ‘डिजिटल’ म्हणतात, पूर्वी ‘ऑनलाइन’ म्हणत. दूरचित्रवाणीवरील वृत्तवाहिन्यांचा विचार येथे त्यांच्या जालरूपापुरताच केला आहे.

विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी भारतात सर्वसामान्यांसाठी आंतरजाल सेवा खुली केली. त्याच वर्षी ‘द हिंदू’ हे इंग्रजी दैनिक जालावर आले. जालावरचे पहिले भारतीय वृत्तपत्र म्हणून सहसा त्याचाच उल्लेख होतो. मराठीत हा मान कोणाचा, यावरचा वाद तारखेचा कमी आणि व्याख्येचा अधिक आहे. छापील पानाचे चित्र जालावर ठेवणे म्हणजे जालावृत्ती मानली, तर एक उत्तर येते. बातमी मजकूर म्हणून टाकली गेली पाहिजे असे म्हटले, तर दुसरे. जालासाठी स्वतंत्र बातमीदार व उपसंपादक नेमले तो दिवस धरला, तर आरंभ कितीतरी वर्षे पुढे सरकतो. यांपैकी दुसरा निकष अधिक उपयोगी वाटतो. त्यानुसार मराठी दैनिकांचा जालप्रवेश १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांपर्यंत केव्हातरी, टप्प्याटप्प्याने झाला असे म्हणता येते. ‘मायबोली’ हे संकेतस्थळ १९९६ च्या गणेश चतुर्थीला सुरू झाले. काही जण इतिहास तेथून सुरू करतात. ते ताणल्यासारखे आहे, कारण मायबोलीचा उद्देश बातमी देणे हा नव्हता. मात्र लिहिणाऱ्याला वाचणाऱ्याने तिथल्या तिथे उत्तर द्यायचे, ही सवय परदेशस्थ मराठी मंडळींना दैनिकांच्या आधी अशा ठिकाणी लागली, हे खरे.

लिपीचा प्रश्न : मराठी जालपत्रकारितेचा पहिला दशकभराचा काळ बातमीपेक्षा अक्षरांशी झगडण्यात गेला. सामान्य आढावे हा भाग दोन ओळींत संपवतात. पुढच्या बऱ्याच गोष्टी यावर अवलंबून असल्याने येथे तो विस्ताराने दिला आहे.

भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ हे संकेतन (संगणकात प्रत्येक अक्षराला ठरावीक अंक देण्याची पद्धत) होते (भारतीय मानक १३१९४ : १९९१). त्याच्या १९८८ च्या आराखड्यावर बेतलेली देवनागरी युनिकोड या जगातल्या सर्व लिप्यांसाठीच्या संकेतनाच्या १९९१ मधील पहिल्या आवृत्तीत आली. पण छपाईच्या व्यवसायाने यांपैकी काहीच घेतले नाही. पाने लागत ती श्रीलिपी किंवा सी-डॅक या सरकारी संगणक-संस्थेच्या आज्ञावलींवर (सॉफ्टवेअरवर). तेथे प्रत्येक निर्मात्याचा फाँट वेगळा आणि त्यातली अक्षरांची जागाही वेगळी. कागदावर उमटल्यावर हा फरक उरत नसे. तोच मजकूर जालावर टाकला आणि वाचकाकडे तो फाँट नसला, की पडद्यावर रोमन अक्षरे, टिंबे व चिन्हे यांची भेळ दिसे. ‘फाँट उतरवून घ्या’ ही सूचना त्या काळच्या मुखपृष्ठावर मथळ्याच्याही वर असे. पुढे पानाबरोबर आपोआप येणारे डायनॅमिक फाँट आले, तर नेटस्केपचे आणि इंटरनेट एक्सप्लोररचे तंत्र निराळे. फायरफॉक्सवाल्यांची सोय ‘पद्मा’ नावाच्या जोडसाधनाने काही प्रमाणात केली.

विंडोज २००० पासून संगणकाला देवनागरी युनिकोड कळू लागला. त्यासोबतचा ‘मंगल’ हा फाँट र. कृ. जोशी यांनी घडवला. तरीही दैनिके लगेच वळली नाहीत, कारण पान एका संकेतनात आणि जाल दुसऱ्यात, म्हणजे मध्ये रूपांतरक हवा. ही रूपांतरे सहज होत नसत. जुन्या फाँटमध्ये अक्षरे दिसतात त्या क्रमाने साठवली जात. ‘स्थिती’ शब्दातली ऱ्हस्व वेलांटी ‘स्’च्याही आधी. युनिकोडात ती पूर्ण ‘स्थ’नंतर यावी लागते. ‘वर्ष’मधला रफार जुन्या पद्धतीत ‘ष’नंतर टंकला जाई, युनिकोडात ‘र्’ त्याच्या आधी येतो. रूपांतरक जेथे चुके तेथे वेलांटी एका टिंबांच्या वर्तुळावर लोंबकळत राही. जुन्या जालपानांवर अशी वर्तुळे अजूनही सापडतात.

खास मराठी अडचण ‘शेतकऱ्यांना’ या शब्दात दिसते. त्यातला अर्धा र दोन प्रकारे लिहिता येतो : नेहमीच्या ‘र’ला हलन्त (पाय मोडण्याचे चिन्ह) व अदृश्य जोडचिन्ह लावून, किंवा नुक्ता (खालचे टिंब) असलेल्या ‘ऱ’ला हलन्त लावून. डोळ्यांना दोन्ही सारखेच, संगणकाला दोन वेगळे शब्द. मराठी बातम्यांत रोज येणाऱ्या या शब्दाचा शोध घेतला, तर साधनाने दोन्ही रूपे जुळवून घेतली नसल्यास काही बातम्या निसटतात. ‘ॲ’ या अक्षराला युनिकोडात स्वतंत्र जागा २००८ मध्ये मिळाली. त्याआधीचे ‘अ’वर चंद्र देऊन केलेले जुळणीचे रूपही चालू राहिले, म्हणून ‘ॲप’ आणि ‘बँक ॲकाउंट’ शोधताना हाच अनुभव येतो.

युनिकोड रुळल्यावर बातमी पानापासून सुटी झाली. ती शोधता येऊ लागली, उतरवून दुसऱ्याला पाठवता येऊ लागली. वाचकाचा सहभाग वाढण्यामागे समाजमाध्यमांइतकेच हेही कारण आहे, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

वाचकांचा सहभाग : बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ ६ जानेवारी १८३२ रोजी निघाले. वाचकांच्या पत्रांना मराठी वृत्तपत्रांत पूर्वापार जागा आहे. लोकहितवादींची ‘शतपत्रे’देखील भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकर’मध्ये पत्रे म्हणूनच आली. मात्र पत्र छापायचे की केराच्या टोपलीत टाकायचे, हे संपादक ठरवी. जालावर ही चाळणी सैल झाली. ‘सकाळ’च्या पुणे आवृत्तीतील ‘मुक्तपीठ’ या वाचकांच्या लेखनाच्या सदराखाली जालावर येणाऱ्या खवचट प्रतिक्रिया एके काळी मूळ लेखापेक्षा आवडीने वाचल्या जात. अस्सल पुणेरी शेरेबाजीचा तो संग्रहच होता.

छापलेला मजकूर मागे घेण्याचा अर्थही बदलला. ‘लोकसत्ता’ने १७ मार्च २०१६ चा एक अग्रलेख दुसऱ्या दिवशी दिलगिरीसह मागे घेतला व संकेतस्थळावरूनही काढला. तोवर त्याची छायाचित्रे सर्वदूर गेली होती. एरवी न वाचणाऱ्यांनीही तो मग वाचला.

मथळ्याचे वळण बदलले ते मोजणीमुळे. छापील मथळ्याला रकान्याच्या रुंदीत सगळे सांगून टाकायचे असते : ‘उजनी धरण ९० टक्के भरले’. जालावर तोच मथळा ‘उजनी धरणात किती पाणी? सोलापूरकरांसाठी मोठी बातमी’ असा होतो, कारण वाचकाने आत यायला हवे. कोणती बातमी या क्षणी किती जण वाचत आहेत, हे कचेरीतल्या पडद्यावर दिसते. सोन्याचा भाव, दहावीचा निकाल आणि राशिभविष्य यांना त्या पडद्यावर सहसा मरण नसते. ‘जाणून घ्या’ आणि ‘पाहा व्हिडीओ’ ही शेपटे याच काळातली. डाक आवृत्ती (बाहेरगावी जाणारा, आधी छापला जाणारा अंक) सुटली, शहर आवृत्ती सुटली, अशी रात्रीची विभागणी जालाला नाही. उपसंपादकाची पाळी संपते, आवृत्ती संपत नाही.

प्रसाराची कारणे : सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाली आणि मोबाइल डेटा स्वस्त झाला, हे सर्वमान्य कारण. त्याच्या तुलनेत दुर्लक्षित राहिलेले कारण जाहिरातीचे आहे. गूगलची ॲडसेन्स ही जाहिरात-सेवा हिंदी मजकुरासाठी २०१४ मध्ये खुली झाली, मराठीसाठी २०१८ मध्ये. तोवर स्वतंत्र मराठी पोर्टल चालवणाऱ्याला मुख्यतः पदरमोड किंवा देणग्या यांवर भागवावे लागे. ग्रामीण भारताचे वार्तांकन करणारा ‘पारी’ हा प्रकल्प (२०१४) मराठीतही वाचता येतो. बीबीसीची मराठी सेवा २ ऑक्टोबर २०१७ रोजी सुरू झाली. तालुक्याच्या गावी मात्र यूट्यूबचा जोर आहे. स्वतःच्या वाहिनीचे नाव छापलेला बूम (ध्वनिग्राहक, माइक) घेऊन एकच माणूस बातमीदार, छायाचित्रकार आणि जाहिरात गोळा करणारा अशी तिन्ही कामे करतो. पत्रकार परिषदेत टेबलावर बूमची रांग लागते, अन् त्यांतले छापील दैनिकांचे किती हे मोजायला फार वेळ लागत नाही.

करोनाकाळात, मार्च २०२० च्या अखेरीपासून वृत्तपत्रांचे वितरण विस्कळीत झाले. राज्य शासनाने १८ एप्रिलच्या आदेशाने घरोघरी अंक टाकण्यास मनाई केली, मग काही दिवसांतच ती मुख्यतः मुंबई-पुणे परिसर व प्रतिबंधित क्षेत्रांपुरती मर्यादित केली. त्या आठवड्यांत पूर्ण अंकाच्या पीडीएफ सोसायटीच्या वॉट्सॲप गटांवर सकाळी सहाला येऊ लागल्या आणि प्रकाशकांनी त्यावर हरकत घेतली. ई-पेपरमधून कापलेले कात्रण तर आज गावगटांवरचे नेहमीचे चलन आहे. हे कात्रण चित्र असते. म्हणजे युनिकोडने सुटी झालेली बातमी पुन्हा न शोधता येणाऱ्या चित्रात गेली, आणि त्यावरची तारीख कापली गेली की जुने कात्रण ताजे म्हणून फिरते.

अफवांचा सर्वांत भयंकर परिणाम १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा (ता. साक्री) येथे दिसला. मुले पळवणारी टोळी आल्याच्या, वॉट्सॲपवरून पसरलेल्या अफवेमुळे नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच भिक्षुकांना जमावाने ठार मारले. त्याच महिन्यात वॉट्सॲपने भारतात संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. वृत्तसंस्थांनी नंतर पडताळणीची सदरे सुरू केली. त्यांचा वाचकवर्ग अफवेच्या वाचकवर्गाशी कितपत जुळतो, ही शंका मात्र रास्त आहे.

कायदा : बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघर येथे फेसबुकवरील मजकुरावरून दोन तरुणींना अटक झाली. या प्रकरणानंतर आव्हान दिलेले माहिती तंत्रज्ञान अधिनियमाचे ६६ अ हे कलम सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केले. याच अधिनियमाखालील फेब्रुवारी २०२१ च्या नियमांनी अंकीय बातमीमाध्यमांना आचारसंहितेखाली आणले. त्यांतील नियम ९ च्या दोन उपनियमांना मुंबई उच्च न्यायालयाने १४ ऑगस्ट २०२१ रोजी स्थगिती दिली. केंद्र शासनाच्या कामकाजाविषयीच्या बातम्यांची सत्यता ठरवणारा शासकीय कक्ष याच नियमांच्या २०२३ च्या दुरुस्तीत होता. त्यावर जानेवारी २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींत मतभेद झाले, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये तिसऱ्या न्यायमूर्तींच्या मतानंतर ती तरतूद रद्द ठरली.

जतन : १९५४ च्या ग्रंथप्रदान कायद्याने छापील पुस्तके व (पुढील दुरुस्तीनंतर) वृत्तपत्रे ठरावीक ग्रंथालयांना द्यावी लागतात. जालपानांना ही सक्ती लागू पडलेली नाही. युनिकोडपूर्व काळातील बरीच जालपाने आज उघडत नाहीत, आणि उघडली तरी त्यांचा फाँट सापडत नाही. त्या वर्षांचा अभ्यास करणारा छापील फाइलींकडेच वळतो. ज्या पोर्टलाची छापील आवृत्ती कधीच नव्हती, त्याचे जालनाव (डोमेन) नूतनीकरणाविना सुटले की तेथे भलत्याच कोणाची जाहिरात दिसू लागते.