आणीबाणीतील वृत्तपत्रनियंत्रण

आणीबाणीतील वृत्तपत्रनियंत्रण : २५ जून १९७५ ते २१ मार्च १९७७ या काळात भारत सरकारने वृत्तपत्रे व नियतकालिके यांच्यावर लादलेली प्रसिद्धिपूर्व तपासणी, तसेच तिच्या जोडीने आलेले कायदे, अटका आणि आर्थिक कोंडी यांचा निर्देश या नावाने केला जातो. या नियंत्रणाला झालेला टिकाऊ विरोध मोठ्या खपाच्या दैनिकांपेक्षा काही हजार किंवा त्याहूनही कमी वर्गणीदार असलेल्या साप्ताहिकांनी व मासिकांनी केला. त्यातले कायद्याच्या दृष्टीने महत्त्वाचे लढे मुंबई आणि अहमदाबाद येथील उच्च न्यायालयांत लढले गेले.

पार्श्वभूमी : अलाहाबाद उच्च न्यायालयाने १२ जून १९७५ रोजी पंतप्रधान इंदिरा गांधी यांची लोकसभेवरील निवड रद्द ठरवली. त्यानंतर तेरा दिवसांनी, ‘अंतर्गत अशांतते’चे कारण देऊन, संविधानाच्या अनुच्छेद ३५२ खाली आणीबाणीची उद्घोषणा झाली. बांगलादेश युद्धाच्या वेळी, डिसेंबर १९७१ मध्ये पुकारलेली बाह्य आक्रमणाची आणीबाणी तेव्हा उठलेलीच नव्हती. त्यामुळे अनुच्छेद १९ मधील भाषण व अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य कागदोपत्री आधीच स्थगित होते, ही गोष्ट पुष्कळ वाचकांना त्या रात्रीनंतरच कळली.

उद्घोषणेच्या रात्री दिल्लीत बहादुरशाह जफर मार्गावरील वीज तोडण्यात आली. बहुतेक मोठ्या दैनिकांचे छापखाने याच रस्त्यावर असल्याने २६ जूनला त्यांचे अंक निघू शकले नाहीत. ‘हिंदुस्तान टाइम्स’ आणि ‘स्टेट्समन’ यांच्या इमारतींना वेगळ्या वाहिनीवरून वीज मिळत होती, म्हणून ते बाहेर पडले. सेन्सॉरची यंत्रणा उभी करायला सरकारला दोन दिवस हवे होते आणि ते अशा रीतीने मिळवले गेले. माहिती व नभोवाणी खाते इंदरकुमार गुजराल यांच्याकडून काढून विद्याचरण शुक्ल यांच्याकडे दिले गेले. मुख्य सेन्सॉर म्हणून हॅरी डिपेन्हा यांची नेमणूक झाली.

तपासणीची पद्धत : भारत संरक्षण व अंतर्गत सुरक्षा नियमांतील नियम ४८ खाली सेन्सॉरचा आदेश निघाला. राज्याराज्यांतील सेन्सॉर अधिकाऱ्यांकडे मजकूर आधी पाठवायचा, त्यांनी शिक्का मारून दिला तरच छापायचा, अशी रीत होती. आदेशाच्या शब्दांत तपासणीचे विषय ठरावीक होते; संरक्षण, सार्वजनिक सुव्यवस्था, अंतर्गत सुरक्षितता असे. प्रत्यक्षात मात्र त्याखाली काढलेल्या मार्गदर्शक सूचना आणि दूरध्वनीवरून दिलेले तोंडी हुकूम यांची व्याप्ती कुठल्या कुठे गेली. अग्रलेखाची जागा कोरी सोडायची नाही, गांधी, टागोर किंवा नेहरू यांची स्वातंत्र्यावरील वचने चौकटीत छापायची नाहीत, न्यायालयांच्या निकालांच्या बातम्याही परवानगीवाचून द्यायच्या नाहीत, इथपर्यंत मजल गेली.

लहान नियतकालिकाला यात शिक्षेइतकाच उशीर जाचक होता. खिळ्यांचे, म्हणजे धातूच्या सुट्या अक्षरांचे, कंपोझिंग असलेल्या छापखान्यात जुळाऱ्याने मजकूर जुळवायचा, त्याची गॅली प्रुफे (तपासणीसाठी काढलेल्या कच्च्या छापील प्रती) सेन्सॉरच्या कचेरीत पोचवायची, ती परत येईपर्यंत यंत्र थांबवून ठेवायचे आणि चार परिच्छेदांवर काट मारलेली दिसली की जुळवलेले खिळे सोडवून, पाने नव्याने बांधून, टपालाचा वार गाठायचा. कोरी जागा सोडायला बंदी असल्यामुळे गेलेल्या मजकुराच्या जागी काहीतरी भरावे तर लागेच. या खटाटोपात साप्ताहिकाचा वार चुकला की टपालाच्या सवलतीपासून विक्रेत्यापर्यंत सगळी घडी विस्कटत असे.

कायदे आणि कोंडी : ८ डिसेंबर १९७५ रोजी आक्षेपार्ह मजकूर प्रसिद्धी प्रतिबंधक वटहुकूम निघाला आणि १९७६ च्या आरंभी त्याचा कायदा झाला. १९५१ मध्येही असाच एक कायदा होता, पण त्यात जामीन, म्हणजे अनामत रक्कम, मागण्यापूर्वी सत्र न्यायाधीशापुढे चौकशी व्हावी लागे. १९७६ च्या कायद्याने संपादक, मुद्रक व प्रकाशक यांच्याकडून जामीन मागण्याचा आणि तो जप्त करण्याचा अधिकार थेट सरकारी अधिकाऱ्यांच्या हाती दिला. ‘केसरी’ आणि ‘काळ’ यांच्यावरील राजद्रोहाच्या खटल्यांचा इतिहास ज्या भाषेत घरोघर सांगितला जातो, तिच्या वाचकाला यात जुन्या परकीय राजवटीची पद्धत ओळखू आली असल्यास नवल नाही. टिळकांना १९०८ मध्ये निदान उघड न्यायालयात ज्यूरीपुढे बोलता आले होते.

याच सुमारास संसदेच्या कामकाजाचे वृत्त देणाऱ्या वृत्तपत्रांना संरक्षण देणारा १९५६ चा कायदा रद्द झाला. हा कायदा पंतप्रधानांचे पती फिरोज गांधी यांनी खासगी विधेयकाद्वारे संमत करून घेतला होता. वृत्तपत्रांवर देखरेख ठेवणारी प्रेस कौन्सिल बरखास्त झाली. पीटीआय, यूएनआय, समाचार भारती आणि हिंदुस्थान समाचार या चार वृत्तसंस्था एकत्र करून १९७६ मध्ये ‘समाचार’ ही एकच संस्था बनवली गेली, म्हणजे बातमीचा उगमच एका तोटीवर आणला गेला. ‘इंडियन एक्स्प्रेस’चे मालक रामनाथ गोएंका यांच्यावर तर जाहिराती, बँकांची कर्जे, संचालक मंडळ अशा सगळ्या बाजूंनी दाब आला. पुढे १९७७ च्या निवडणुकीनंतर सत्तेवर आलेल्या जनता सरकारने दिलेल्या आकडेवारीप्रमाणे या काळात २५३ पत्रकारांना अटक झाली, त्यांपैकी ११० जण मिसाखाली (खटल्यावाचून स्थानबद्ध करण्याची मुभा देणारा अंतर्गत सुरक्षा कायदा) स्थानबद्ध होते. काही परदेशी वार्ताहरांना देश सोडावा लागला.

पहिल्या दिवसांतील निषेध : ‘इंडियन एक्स्प्रेस’ने २८ जून रोजी अग्रलेखाची जागा कोरी ठेवली. दिल्लीत पत्रकार कुलदीप नय्यर यांनी प्रेस क्लबमध्ये पत्रकारांना जमवून सेन्सॉरच्या निषेधाच्या ठरावावर सह्या घेतल्या. जुलैमध्ये त्यांना मिसाखाली पकडण्यात आले. त्यांच्या पत्नीने दिल्ली उच्च न्यायालयात केलेल्या हेबिअस कॉर्पस अर्जाचा (अटकेतील व्यक्तीची बेकायदा कैदेतून सुटका मागणाऱ्या अर्जाचा) निकाल लागण्याआधीच सरकारने त्यांना सोडले. तो अर्ज ऐकणाऱ्या दोन न्यायमूर्तींपैकी एस. रंगराजन यांची गुवाहाटीला बदली झाली आणि आर. एन. अगरवाल यांना पुन्हा सत्र न्यायाधीशपदावर पाठवण्यात आले.

मुंबईच्या ‘टाइम्स ऑफ इंडिया’त छोट्या जाहिरातींच्या स्तंभात आलेली निधनवार्ता आजही आठवली जाते. मयताचे नाव डी. ई. एम. ओ’क्रसी, पत्नी टी. रूथ, पुत्र एल. आय. बर्टी, भावंडे फेथ, होप आणि जस्टिसिया, मृत्यूची तारीख २६ जून. अक्षरे जोडून वाचल्यावर डेमोक्रसी, ट्रूथ आणि लिबर्टी हे शब्द दिसत. पैसे भरून घेणाऱ्या कारकुनाला ते दिसले नाहीत, आणि छोट्या जाहिराती तपासण्याचे तेव्हा सेन्सॉरला सुचलेले नव्हते.

‘फ्रीडम फर्स्ट’ खटला : मिनू मसानी हे मुंबईचे माजी महापौर व स्वतंत्र पक्षाचे नेते ‘फ्रीडम फर्स्ट’ हे इंग्रजी मासिक काढत. ऑगस्ट १९७५ च्या अंकासाठी त्यांनी पाठवलेल्या मजकुरापैकी अकरा नोंदी व लेख मुंबईचे सेन्सॉर अधिकारी बिनोद राव यांनी नाकारले. मसानींनी मासिक बंद न करता, चोरूनही न छापता मुंबई उच्च न्यायालयात अर्ज केला. त्यांची बाजू वकील सोली सोराबजी यांनी मांडली.

या अर्जातली कायदेशीर मेख समजून घेण्याजोगी आहे. अनुच्छेद १९ स्थगित असल्याने ‘माझ्या मूलभूत हक्काचा भंग झाला’ असे म्हणण्याची सोय नव्हती. म्हणून युक्तिवाद असा केला गेला की, सेन्सॉरला अधिकार ज्या आदेशाने मिळाला त्या आदेशाच्या मर्यादेत तरी त्याने राहिले पाहिजे. सरकारवर टीका केली म्हणून सुव्यवस्था बिघडते असे आदेशात कुठेही म्हटलेले नाही. एकसदस्य पीठाने मसानींच्या बाजूने कौल दिला. त्यावरील अपिलात फेब्रुवारी १९७६ मध्ये न्या. डी. पी. मदन व न्या. एम. एच. कानिया यांच्या खंडपीठाने हीच भूमिका उचलून धरली. सर्व वृत्तपत्रांना एका सुरात बोलायला लावणे, जनमत एकाच साच्यात ओतणे हे सेन्सॉरचे काम नव्हे, असे सांगून न्यायालयाने म्हटले की त्याची नेमणूक लोकशाहीची दाई म्हणून झाली आहे, तिची कबर खोदणारा म्हणून नव्हे. आणीबाणी ऐन भरात असताना, सरकारी वकिलांच्या समोर हे वाचून दाखवले गेले.

‘भूमिपुत्र’ खटला : सर्वोदय विचाराच्या ‘भूमिपुत्र’ या गुजराती नियतकालिकाचे संपादक चुनीभाई वैद्य होते. ऑक्टोबर १९७५ मध्ये अहमदाबादेत नागरी स्वातंत्र्यांविषयी परिषद भरली आणि तिथे माजी न्यायमूर्ती म. क. छागला व वि. म. तारकुंडे यांच्यासारखे वक्ते आणीबाणीविरुद्ध उघड बोलले. तिचे वृत्त छापल्यामुळे ‘भूमिपुत्र’वर कारवाई झाली. गुजरात उच्च न्यायालयाने वैद्य यांचा अर्ज मान्य करून सेन्सॉरच्या अनेक मार्गदर्शक सूचना बेकायदा ठरवल्या. या निकालाची बातमी छापायलाही मनाई झाली, त्यामुळे तो वकिलांत आणि कार्यकर्त्यांत टंकलिखित प्रतींतून फिरला. खंडपीठावरील न्या. संकलचंद शेठ यांची १९७६ मध्ये आंध्र प्रदेशात बदली करण्यात आली. तिला त्यांनी आव्हान दिले आणि ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले.

महाराष्ट्रातील नियतकालिके : साने गुरुजींनी १५ ऑगस्ट १९४८ रोजी सुरू केलेले ‘साधना’ साप्ताहिक या काळात यदुनाथ थत्ते संपादित करीत होते. समाजवादी वर्तुळातले अनेक कार्यकर्ते तुरुंगात किंवा भूमिगत असताना ‘साधना’ने अंक काढणे चालू ठेवले आणि त्यासाठी तिला सरकारी कारवाईला तोंड देत न्यायालयाची पायरी चढावी लागली. मुंबईत राजमोहन गांधी यांच्या ‘हिंमत’ या इंग्रजी साप्ताहिकाने, आणि सनदी सेवेतून निवृत्त झालेले ए. डी. गोरवाला यांच्या ‘ओपिनियन’ या चिमुकल्या पत्रानेही माघार घेतली नाही. छापून द्यायला कोणी तयार होईना तेव्हा गोरवालांनी ‘ओपिनियन’ सायक्लोस्टाइलवर काढले. दिल्लीच्या ‘सेमिनार’ने मात्र वेगळा मार्ग घेतला. प्रत्येक अंक आधी तपासून घेण्याची सक्ती आल्यावर त्याच्या संपादकांनी प्रकाशनच थांबवले. दोन्ही मार्गांना त्यांची किंमत होती आणि त्यांत उजवे-डावे ठरवणे आज घरात बसून सोपे वाटते.

पत्रकारितेच्या थेट कक्षेबाहेरचा, पण मराठीत याच संदर्भात नेहमी सांगितला जाणारा प्रसंग १९७५ च्या कराड येथील मराठी साहित्य संमेलनाचा आहे. अध्यक्षा दुर्गा भागवत यांनी केंद्रीय मंत्री असलेले स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण व्यासपीठावर असताना सरकारविरोधी आंदोलनाचे नेते, आजारी जयप्रकाश नारायण यांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करण्याचे आवाहन केले. पुढल्या वर्षी दुर्गाबाईंना अटक झाली.

मूल्यमापन : ‘तुम्हाला नुसते वाकायला सांगितले होते, तुम्ही तर रांगू लागलात’ हे लालकृष्ण अडवाणी यांचे वृत्तपत्रांविषयीचे वाक्य अतोनात उद्धृत झाले आहे. मोठ्या दैनिकांपैकी बहुतेकांना ते लागू पडते. न्यूजप्रिंटचा कोटा, सरकारी जाहिराती आणि मालकांचे इतर उद्योगधंदे यांतून त्यांच्या नाड्या सरकारच्या हाती होत्या. मसानी, वैद्य, थत्ते किंवा गोरवाला यांना मात्र ते वाक्य लावणे अन्यायाचे ठरेल. त्यांच्याकडे गमावण्याजोगा धंदा नव्हता, हे त्यांच्या धैर्याचे एक कारण असले तरी तुरुंगाचे दार त्यांच्यासाठीही उघडेच होते.

नंतरचे बदल : जानेवारी १९७७ मध्ये निवडणुका जाहीर झाल्यावर तपासणी सैल झाली. जनता सरकारने १९७६ चा कायदा रद्द केला, संसदीय वृत्तांना संरक्षण देणारा कायदा परत आणला आणि आणीबाणीतील गैरप्रकारांसाठी न्या. जे. सी. शहा यांचा चौकशी आयोग नेमला. माध्यमांच्या गैरवापरावर ऑगस्ट १९७७ मध्ये श्वेतपत्रिका निघाली. ‘समाचार’चे १९७८ मध्ये पुन्हा चार भाग झाले आणि त्याच वर्षी प्रेस कौन्सिलचा नवा कायदा झाला. संविधानाच्या ४४ व्या दुरुस्तीने संसद व विधिमंडळे यांच्या कामकाजाच्या सत्य वृत्ताला अनुच्छेद ३६१क द्वारे घटनात्मक संरक्षण दिले, ‘अंतर्गत अशांतता’ या शब्दांऐवजी ‘सशस्त्र बंड’ हे शब्द घातले आणि युद्ध किंवा बाह्य आक्रमणाच्या कारणाने पुकारलेल्या आणीबाणीतच अनुच्छेद १९ आपोआप स्थगित व्हावा अशी तरतूद केली.