अमेरिकेत उन्हाळी सत्रात ऑरगॅनिक केमिस्ट्री घ्यायची आहे? आधी मंजुरी, मग अर्ज

मेडिकल, फार्मसी, नर्सिंग किंवा फिजिकल थेरपीकडे जायचं ठरवलेल्या मुलांसमोर एप्रिलच्या आसपास हमखास एक प्रश्न असतो: ऑरगॅनिक केमिस्ट्री, फिजिक्स किंवा अ‍ॅनाटॉमी-फिजिऑलॉजी समरमध्ये उरकता येईल का? येते, आणि नीट जमवलं तर एक अख्खं सत्र मोकळं होतं. मात्र फी भरून जागा पकडणं हे यातलं शेवटचं काम आहे. बरीच मुलं ते आधी करतात आणि मग दुसरीकडे केलेल्या कोर्सला मंजुरी नाही म्हणून मूळ कॉलेजच्या दारात अडकतात.

तासांचा हिशेब

अमेरिकेच्या केंद्रीय नियमानुसार एक सेमिस्टर क्रेडिट (कोर्सचं वजन मोजायचं एकक) म्हणजे साधारण १५ आठवडे, दर आठवड्याला एक तास वर्ग आणि किमान दोन तास बाहेरचा अभ्यास. म्हणजे ३ क्रेडिटच्या कोर्सला १३५ तास. तोच कोर्स सहा आठवड्यांत बसवला की आठवड्याला साडेबावीस तास होतात. एरवी आठवड्यातून एकदा असणारी तीन तासांची लॅब इथे साडेसात तास खाते. एकूण ३० तास, आणि लॅब रिपोर्ट लिहायचा वेळ अजून धरलेला नाही. दहा आठवड्यांच्या सत्रात हाच आकडा १८ वर येतो. त्यामुळे दोन्ही पर्याय समोर असतील तर मी डोळे मिटून दहा आठवड्यांचं सत्र घ्यायला सांगेन.

सहा आठवड्यांचा दिवस कसा जातो तेही सांगते. सकाळी एसएन१ आणि एसएन२ या प्रकारच्या अभिक्रिया, दुपारी लॅबमध्ये डिस्टिलेशन, रात्री त्याचा रिपोर्ट, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी एलिमिनेशन हा पुढचा अभिक्रिया-प्रकार सुरू. कायरॅलिटी (रेणू आणि त्याची आरशातली प्रतिमा एकमेकांवर न जुळणं) डोक्यात बसायला मॉडेल किटचे गोळे आणि काड्या हातात फिरवत चार दिवस घालवावे लागतात. समरमध्ये ते चार दिवस मिळत नाहीत, म्हणून ते धडे सत्र सुरू व्हायच्या आधीच वाचून ठेवा. नोकरी किंवा एमकॅटची (मेडिकल प्रवेश परीक्षेची) तयारी सोबत असेल तर पाच-सहा आठवड्यांची ऑरगॅनिक घेऊच नका, हे मी अगदी मनापासून सांगते.

कोणाला घेता येते

स्वतःच्याच कॉलेजात घेत असाल तर त्याआधी करावा लागणारा कोर्स ठरलेल्या ग्रेडने, बहुतेक ठिकाणी किमान सी, पूर्ण झालेला असला की नेहमीसारखी नोंदणी करायची. दुसऱ्या कॉलेजात ‘व्हिजिटिंग’ किंवा ‘नॉन-डिग्री’ विद्यार्थी म्हणून अर्ज करावा लागतो. कम्युनिटी कॉलेजांत प्रवेश सहसा सर्वांना खुला असतो, पण त्यांची संगणक प्रणाली तुमचा आधीचा कोर्स ओळखत नाही. आधी ट्रान्स्क्रिप्ट पाठवून ही अट मोकळी करून घ्यावी लागते. या कामाला दिवस लागतात आणि तेवढ्यात जागा भरतात.

व्हिसाचं थोडक्यात. एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) वर एक शैक्षणिक वर्ष झालेलं असेल आणि फॉलला (समरनंतरच्या सत्राला) परत शिकायचं असेल, तर समर ही सुट्टी धरली जाते आणि पूर्ण कोर्सलोडची सक्ती नसते. दुसऱ्या कॉलेजात कोर्स घेण्याआधी आपल्या डीएसओशी (कॉलेजात विद्यार्थी व्हिसाचं काम बघणाऱ्या अधिकाऱ्याशी) बोला. तुमचं पहिलंच सत्र समर असेल तर मात्र पूर्ण लोड लागतो. एच-४ (एच व्हिसावाल्यांच्या जोडीदार-मुलांचा व्हिसा) वर शिकता येतं. बी-२ (पर्यटक व्हिसा) वर आलेल्या भावंडांना क्रेडिट कोर्सला नाव घालता येत नाही.

मूळ कॉलेजची मंजुरी

इथे घाई करू नका. रजिस्ट्रारकडे (कॉलेजच्या नोंदणी कार्यालयात) ट्रान्सफर क्रेडिटच्या, म्हणजे दुसरीकडचं क्रेडिट धरण्याच्या, पूर्वमंजुरीचा फॉर्म असतो. त्यात बाहेरच्या कोर्सचा क्रमांक लिहून सोबत सविस्तर सिलॅबस जोडायचा. अ‍ॅडव्हायजर तोंडी ‘चालेल’ म्हणाले तरी ईमेलवर लिहून घ्या. कॅलिफोर्नियात असाल तर असिस्ट या अधिकृत संकेतस्थळावर कम्युनिटी कॉलेजचा कोणता कोर्स यूसी किंवा सीएसयूच्या (तिथल्या दोन सरकारी विद्यापीठ-समूहांच्या) कोणत्या कोर्सला चालतो ते थेट दिसतं.

मंजुरी घेताना क्रेडिटची जात बघा. क्वार्टरचं (सेमिस्टरपेक्षा लहान सत्राचं) एक क्रेडिट म्हणजे सेमिस्टरच्या क्रेडिटचं दोन तृतीयांश. क्वार्टर पद्धतीत ऑरगॅनिक बहुधा तीन तुकड्यांत असते, सेमिस्टरमध्ये दोन. अर्धी मालिका इथे आणि अर्धी तिथे केली तर मधले धडे कुठेच होत नाहीत. लॅबचा कोर्स क्रमांक अनेकदा वेगळा असतो, तेव्हा दोन्हींना मंजुरी हवी. माझ्या ओळखीच्या एका मुलीने ऑनलाइन लॅब घेतली, मूळ कॉलेजने ती मान्यही केली, पण पुढच्या प्रोफेशनल स्कूलला प्रत्यक्ष लॅबच हवी होती. तिला ती लॅब पुन्हा करावी लागली. म्हणून जिथे पुढे अर्ज करणार आहात त्यांची अटही आत्ताच वाचा.

कागदपत्रं आणि पैसे

ट्रान्स्क्रिप्ट, मंजुरीचा फॉर्म, ओळखपत्र, लसीकरणाची नोंद (बऱ्याच कॉलेजांना लागते), आणि सरकारी कॉलेज असेल तर त्या राज्यातल्या रहिवासाचा पुरावा. या शेवटच्या कागदाने फीत मोठा फरक पडतो: कॅलिफोर्नियाच्या कम्युनिटी कॉलेजांत रहिवाशांना युनिटमागे (म्हणजे क्रेडिटमागे) ४६ डॉलर, बाहेरच्यांना त्यावर वेगळं ट्यूशन. सरकारी डायरेक्ट लोन हवं असेल तर किमान अर्धवेळ, म्हणजे सहसा ६ क्रेडिट, घ्यावे लागतात. एकाच ऑरगॅनिकने ते भरत नाहीत, आणि केवळ कर्जासाठी जोडीला दुसरा कोर्स घेणं महागात पडतं.

तारखा

सत्रासोबत तारखाही आखडतात. पूर्ण फी परत मिळण्याची मुदत अनेकदा पहिल्या काही दिवसांतच संपते, आणि त्यानंतर सोडलं तर ट्रान्स्क्रिप्टवर डब्ल्यू (विथड्रॉ, म्हणजे कोर्स मध्येच सोडल्याची खूण) येतो. नोंदणी केली त्याच दिवशी ही तारीख फोनमध्ये टाका. पहिल्या लॅबला गॉगल आणि कोट घेऊनच जा. त्या दिवशी सुरक्षेची माहिती देतात, आणि गैरहजर राहिलेल्याची जागा वेटलिस्टवरच्याला देणारी कॉलेजं पुष्कळ आहेत.

ग्रेड लागली की अधिकृत ट्रान्स्क्रिप्ट मूळ कॉलेजला स्वतः मागणी करून पाठवावं लागतं, ते आपोआप जात नाही. क्रेडिट जमा होतं, ग्रेड मात्र बऱ्याच ठिकाणी मूळ कॉलेजच्या जीपीएत (ग्रेडच्या सरासरीत) धरत नाहीत. मेडिकलच्या एएमकॅस या सामायिक अर्जात ती धरली जाते: तिथे शिकलेल्या प्रत्येक कॉलेजचं ट्रान्स्क्रिप्ट द्यावं लागतं, आणि कोर्स दोनदा केला असेल तर दोन्ही ग्रेड मोजल्या जातात.