फर्मचं नाव बदललं? डेटाबेसला हात लावण्याआधी हे वाचा

पाडव्याला किंवा आखाजीला फर्मची पाटी बदलते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आमचा, म्हणजे तुमचा बिलाचा आणि काट्याचा प्रोग्रॅम सांभाळणाऱ्यांचा, फोन वाजतो. ‘सर्व्हरवर डेटाबेसचं नाव बदललं. ऑफिसचा कॉम्प्युटर चालतोय, काट्यावरचा बंद पडलाय, बाहेर गाड्या उभ्या आहेत.’ रावेर-सावद्याचे केळी व्यापारी असोत, धरणगावकडच्या जिनिंग असोत की दोंडाईचा-नंदुरबारचे मिरचीवाले, अडचण एकच असते. हे पत्रक सर्व्हरच्या टेबलावर काचेखाली ठेवा आणि दिवाणजींनाही वाचायला द्या.

डेटाबेस म्हणजे सर्व्हरवरची तुमची चोपडी, सगळ्या नोंदी तिथं साठतात. बहुतेकांना त्याचं नाव बदलायची गरजच नसते. बिलावर, पट्टीवर (शेतकऱ्याला देतो तो विक्रीचा हिशोब), काटापावतीवर छापलं जाणारं नाव, पत्ता आणि जीएसटी नंबर प्रोग्रॅममधल्या ‘फर्म माहिती’ या पानावर असतात. तिथं बदल केला की सगळ्या मशीनवर नवं नाव येतं. डेटाबेसचं नाव शेतकऱ्याला दिसत नाही, व्यापाऱ्याला नाही आणि कर अधिकाऱ्यालाही नाही. प्रोप्रायटरशिपची भागीदारी झाली तर पॅन बदलतो आणि जीएसटी नंबर नवा घ्यावा लागतो. तेव्हा जुन्याचं नाव बदलायचं नाही. नवा डेटाबेस उघडायचा आणि जुना आहे तसा बंद करून ठेवायचा.

खरी गरज पडते ती दोन शाखा एकाच सर्व्हरवर आणताना. दोन्हीकडे डेटाबेसचं नाव ‘अडत’ असेल तर एसक्यूएल सर्व्हरच्या (डेटाबेस सांभाळणारा प्रोग्रॅम) एका इन्स्टन्समध्ये, म्हणजे त्याच्या एका स्वतंत्र बसवणीत, ते एकत्र राहू शकत नाहीत, एकाचं नाव बदलावंच लागतं. नाव बदलणं हे मिनिटभराचं काम आहे. सगळ्यांना बाहेर काढायचं, डेटाबेस सिंगल युजरवर (एका वेळी एकच जण आत) घ्यायचा, नवं नाव द्यायचं, पुन्हा मल्टी युजरवर आणायचा. हे शेवटचं विसरलं तर जो कॉम्प्युटर आधी आत शिरेल तोच चालतो, बाकीचे बाहेर.

मिनिटभराच्या या कामासाठी आम्ही अर्धा दिवस मागतो, कारण जुनं नाव किती ठिकाणी लिहून ठेवलेलं असतं ते शोधावं लागतं. प्रत्येक मशीनच्या कॉन्फिग फाईलमध्ये, म्हणजे प्रोग्रॅमच्या सेटिंगच्या फाईलमध्ये, ते असतं. काट्यावरचा जुना प्रोग्रॅम ३२ बिटचा आहे, त्याची ओडीबीसी जोडणी (विंडोजमधून डेटाबेसला जोडणारी सेटिंग) ६४ बिट विंडोजमध्ये वेगळ्या यादीत असते. नेहमीच्या यादीत ती दिसत नाही आणि ‘इथं तर काहीच नाही’ असं वाटून माणूस पुढे जातो. लॉगिनला (ज्या नाव-पासवर्डनं मशीन आत शिरतं त्याला) ठरवून दिलेला डेटाबेस जुनाच राहतो. छापायच्या रिपोर्ट फाईलमध्येही नाव असतं, म्हणून प्रोग्रॅम उघडतो पण पट्टी छापताना अडतो. सीएच्या ऑफिससाठी बनवलेल्या एक्सेलच्या जोडणीतही तेच नाव असतं. स्क्रीनवर ४०६० नंबरची चूक आली तर मशीन मागतंय तो डेटाबेस एकतर सापडत नाही, नाहीतर त्या लॉगिनला तिथं परवानगी नाही. ४०६४ आली तर लॉगिनचा ठरलेला डेटाबेस उघडत नाही. फोन करताना हा नंबर सांगा, आमचा निम्मा वेळ वाचतो.

आता सगळ्यात महागात पडणारी चूक. काटा बंद, बाहेर गाड्यांची रांग, आमचा फोन लागत नाही. अशा वेळी कोणीतरी हुशारी करून कालचा बॅकअप जुन्याच नावानं रिस्टोअर करतं, म्हणजे त्या प्रतीवरून पुन्हा डेटाबेस उभा करतं. काटा लगेच सुरू होतो, सगळ्यांना हायसं वाटतं. पण त्या घडीपासून तुमच्या दुकानात दोन चोपड्या सुरू झालेल्या असतात. वजनं जुन्या नावाच्या डेटाबेसमध्ये पडतात, बिलं नव्यात. दोन्हीकडे पावती क्रमांक कालच्या पुढून चालू होतो, म्हणून ४५१२ नंबरची पावती इकडे एका शेतकऱ्याची असते आणि तिकडे दुसऱ्याची. लक्षात येतं ते उचल आणि हमाली जुळेनाशी झाल्यावर, म्हणजे चार-सहा दिवसांनी. मग त्या दोन चोपड्या एकत्र करायला प्रोग्रॅमचा काही उपयोग होत नाही. एकेक पावती हातात घेऊन, गाडी नंबर आणि वजन पाहून ठरवावं लागतं. म्हणून काटा बंद पडला तर जुन्या नावानं काहीही रिस्टोअर करू नका. नव्या डेटाबेसला पुन्हा जुनं नाव द्या, त्यातली एकही नोंद जात नाही, आणि दोन तास हातानं पावत्या फाडा. हातच्या पावत्या नंतर भरता येतात, मिसळलेला डेटा निवडता निवडत नाही.

आमची पद्धत अशी. नाव बदलल्यावर जुन्या नावाचा एक रिकामा डेटाबेस आम्ही उभा करतो. त्यात टेबल एकही नसतं. फक्त प्रत्येक टेबलाच्या आणि प्रोसिजरच्या (डेटाबेसमध्ये साठवलेल्या आदेशांच्या) नावानं एक सिनोनिम, म्हणजे नुसतं पर्यायी नाव, असतो, तो नव्या डेटाबेसमधल्या खऱ्या जागेकडे बोट दाखवतो. आम्ही याला पूल म्हणतो. काट्याचं जुनं मशीन जुन्या नावानं आत येतं, पण लिहितं ते नव्यातच. चोपडी एकच राहते. त्यासाठी प्रत्येक लॉगिनला दोन्ही डेटाबेसमध्ये परवानगी द्यावी लागते, नाहीतर मशीन पुलावर चढतं आणि पुढे अडतं. सिनोनिम बनवायचा आदेश इंटरनेटवरून उतरवून घेता येतो हे खरं आहे, पण कुठलं मशीन पुलावर चालणार नाही हे त्यात लिहिलेलं नसतं. आमच्याच प्रोग्रॅमची जुनी आवृत्ती सुरू होताना टेबलांची यादी तपासते. सिनोनिम त्या यादीत येत नाहीत, म्हणून ती मशीन आम्ही थेट नव्या नावावर वळवतो.

पूल उभा राहिला की बॅकअपकडे लगेच पाहावं लागतं. एसक्यूएल सर्व्हरच्या मोफत एक्सप्रेस आवृत्तीत एजंट (ठरल्या वेळी कामं आपोआप करणारा भाग) नसतो, त्यामुळे रात्रीचा बॅकअप आपण विंडोजच्या टास्क शेड्युलरमधून लावलेला असतो आणि त्यात जुनं नाव असतं. पूल नसेल तर बॅकअप चुकतो, निदान चूक तरी दिसते. पूल असेल तर बॅकअप ‘यशस्वी’ होतो. फाईल बनते, तारीख बरोबर असते, आणि आत रिकामा पूल असतो. सकाळी आदल्या दिवशीच्या फाईलशी आकार ताडून पाहा. रोज ९०० एमबीची होणारी फाईल एकदम चार एमबीची झाली असेल तर त्याच मिनिटाला फोन करा.

नाव बदलल्यावर डेटाच्या फोल्डरमध्ये फाईलला जुनंच नाव दिसेल. ते तसंच असतं, बिघाड नाही. सर्व्हिस थांबवून त्या फाईलचं नाव बदलायला जाऊ नका, डेटाबेस ‘रिकव्हरी पेंडिंग’वर जाऊन बसतो, म्हणजे उघडतच नाही.

पूल एक पूर्ण आर्थिक वर्ष ठेवतो. मार्चअखेरीलाच चालू होणारा एखादा कॉम्प्युटर प्रत्येक फर्मकडे असतो. काढण्याआधी अजून कोणतं मशीन जुन्या नावानं येतंय त्याची नोंद आम्ही दर महिन्याला घेतो आणि यादी तुम्हाला देतो.

वार्षिक देखभाल करार असलेल्यांना नाव बदलणं, पूल आणि ही नोंद वेगळे पैसे न देता मिळते. मिसळलेला डेटा निवडून देण्याचं काम करारात धरलेलं नाही, त्याचे दिवसावर पैसे लागतात. जिनिंगवाल्यांनी कापसाचा हंगाम उरकल्यावर तारीख घ्यावी. केळीवाल्यांना मोकळा हंगाम नसतो, त्यांच्याकडे आम्ही रात्रीच्या भरण्या संपल्यावर येतो. येण्याच्या आदल्या दिवशी दुकानातल्या, काट्यावरच्या, गोदामातल्या आणि घरी नेलेल्या लॅपटॉपसकट सगळ्या मशीनची यादी कागदावर तयार ठेवा आणि प्रत्येकाचा पासवर्ड माहीत असलेला माणूस हजर ठेवा.